अभ्यासक्रमातून गळालेला हेलियम

बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याचे पदार्थविज्ञानाचे जर्नल उघडले की त्यात एक आकडा हमखास भेटतो : ५८९३ आंगस्ट्रॉम. सोडियमच्या दिव्याची तरंगलांबी. न्यूटन रिंग्जच्या प्रयोगात हा आकडा दिलेला असतो, ग्रेटिंगच्या प्रयोगात तो काढायचा असतो, आणि काढलेले उत्तर त्याच्या जितके जवळ तितका शेरा चांगला. अडचण एवढीच, की सोडियमचा अणू या तरंगलांबीचा प्रकाश देत नाही. तो ५८९० आणि ५८९६ अशा दोन पिवळ्या रेषा देतो. ५८९३ ही आपण काढलेली सरासरी आहे.

न्यूटन रिंग्जला ही सरासरी चालते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या ग्रेटिंगवर इंचाला पंधरा हजार रेघा असतात, त्यातून सेकंड ऑर्डरमध्ये पाहिले की दोन रेषा डोळ्यांना सरळ वेगळ्या दिसतात. मी पाहिलेल्या अनेक जर्नलांत विद्यार्थ्याने त्या दोन रेषांच्या मधोमध उभी तार लावून एकच रीडिंग घेतलेले आहे. पुढच्या वर्षी हाच विद्यार्थी अणू आणि रेणूंच्या पदार्थविज्ञानाचा पेपर देतो. सोडियमची पिवळी रेषा दुहेरी का आहे, त्यावरून इलेक्ट्रॉनच्या स्पिनचा विचार कसा करावा लागला, याचे उत्तर सहा-सात गुणांसाठी सुबक आकृतीसह लिहितो. ज्या रेषांवर तो हे उत्तर लिहितो, त्या त्याने स्वतः पाहिल्या होत्या आणि जर्नलमध्ये एक करून टाकल्या होत्या, हे त्याला कोणी सांगत नाही.

मी कोणत्याही महाविद्यालयात शिकवत नाही. हा विषय मी जुन्या पुस्तकांच्या आधाराने, रद्दीच्या दुकानांतून आणि ग्रंथालयांच्या मागच्या कपाटांतून शिकलो. त्यामुळे पाठ्यपुस्तक हा एक वाङ्मयप्रकार आहे असे समजून ते वाचण्याची मला सवय लागली. त्यात कथानक असते, पात्रे असतात आणि काय गाळायचे याचा निर्णय असतो. अणूविषयीच्या आपल्या पाठ्यपुस्तकांत हा गाळण्याचा निर्णयच चुकला आहे, आणि जे गाळले गेले त्याला नाव देता येते. ते नाव हेलियम.

आधी कथानक पाहू. डाल्टनचा गोळा, थॉमसनचा मनुका घातलेला पुडिंग (मराठी पुस्तकांत कधी कलिंगड), रदरफर्डचे अणुकेंद्र, बोरच्या कक्षा, सॉमरफेल्डच्या लंबवर्तुळाकार कक्षा, मग सदिश प्रतिमान आणि शेवटी श्रोडिंजरचे समीकरण. प्रत्येक पायरीवर आधीचा शास्त्रज्ञ चुकतो, पुढचा ती चूक दुरुस्त करतो. बोरची गृहीतके क्रमांक घालून पाठ केली जातात आणि त्यांतून हायड्रोजनच्या रेषांचे सूत्र निघते, ते बामरच्या सूत्राशी जुळते. विद्यार्थ्याची समजूत अशी होते, की आधी अणूचे चित्र सुचले आणि मग रेषांनी त्याला दुजोरा दिला.

घडले उलट. योहान बामर हा बाझलमधल्या मुलींच्या शाळेत शिकवणारा गणिताचा मास्तर. १८८५ साली, साठीच्या घरात असताना, त्याच्यासमोर आंगस्ट्रॉमने मोजलेल्या हायड्रोजनच्या चार रेषा होत्या : साधारण ६५६२, ४८६१, ४३४० आणि ४१०१. अणूच्या पोटात काय आहे याची त्याला कल्पना नव्हती, कोणालाच नव्हती. इलेक्ट्रॉन सापडायला अजून बारा वर्षे होती. त्याच्या लक्षात आले, की ३६४५.६ या एकाच संख्येला अनुक्रमे नऊ-पंचमांश, चार-तृतीयांश, पंचवीस-एकविसांश आणि नऊ-अष्टमांशांनी गुणले की चारही रेषा मिळतात. वाचकाने कागदावर करून पाहावे. सातवीतले गणित आहे. या अपूर्णांकांत तसा काही क्रम दिसत नाही. पण चार-तृतीयांशाला सोळा-बारांश असे लिहिले आणि नऊ-अष्टमांशाला छत्तीस-बत्तिसांश, की अंशस्थानी ९, १६, २५, ३६ हे ओळीने वर्ग येतात आणि छेदात त्याच वर्गांतून चार वजा केलेले असतात. संक्षेप दिलेले अपूर्णांक पुन्हा विस्तारायचे, एवढीच ती युक्ती. वर्गात फळ्यावर ते चार आकडे लिहून अर्धा तास मुलांना सोडून दिले, तर दोघा-तिघांना ही युक्ती सुचेल असा माझा अंदाज आहे. बोरने हे सूत्र १९१३ च्या फेब्रुवारीत, एका सहकाऱ्याने लक्षात आणून दिल्यावर पाहिले आणि त्यानंतर काही आठवड्यांत त्याचा लेख तयार झाला. म्हणजे सूत्र आधी, चित्र नंतर. पुस्तकात बामरला एक ओळ असते. त्याचे अपूर्णांक मला एकाही गाईडात दिसले नाहीत.

पण हायड्रोजनशी जुळले एवढ्यावर बोरवर कोणी विश्वास ठेवला नसता, आणि ठेवायला नकोच होता. सूत्र हाताशी असताना त्याच्याशी जुळणारे चित्र काढणे फार मोठी गोष्ट नाही. खरी परीक्षा झाली ती हेलियमवर.

१८९६ मध्ये पिकरिंगला झीटा पपिस या ताऱ्याच्या प्रकाशात रेषांची एक माळ आढळली होती. बामरच्या सूत्रात पूर्णांकांऐवजी अडीच, साडेतीन असे अर्धे आकडे घातले तर ती बसत होती. म्हणून तो हायड्रोजनचाच एखादा निराळा प्रकार समजला गेला. १९१२ मध्ये लंडनला आल्फ्रेड फाउलरने हायड्रोजन आणि हेलियमच्या मिश्रणात अशाच रेषा प्रयोगशाळेत मिळवल्या. बोर म्हणाला, या हायड्रोजनच्या रेषा नाहीतच. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत. केंद्रावरचा भार दुप्पट, त्यामुळे सूत्रातला स्थिरांक चौपट, आणि मग ते अर्धे आकडे आपोआप पूर्णांक होतात. मँचेस्टरमध्ये इव्हान्सने शुद्ध हेलियम घेऊन पाहिले. हायड्रोजनचा मागमूस नव्हता, पण रेषा होत्या.

यावर फाउलरने जी शंका काढली, ती मला या संपूर्ण प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. ‘नेचर’मध्ये त्याने लिहिले, की मोजमापांप्रमाणे हा स्थिरांक हायड्रोजनच्या चौपट भरत नाही, ४.००१६ पट भरतो. चार आणि ४.००१६ मधला फरक दुसऱ्या कोणी मोजमापातील त्रुटी म्हणून सोडून दिला असता. वर्णपटाच्या मोजमापाचा दर्जा इतका होता, की फाउलरला ते शक्य नव्हते. बोरने काही आठवड्यांतच उत्तर दिले. केंद्र स्थिर धरले होते, पण तेही हलते; इलेक्ट्रॉन आणि केंद्र दोघेही सामाईक मध्याभोवती फिरतात. हायड्रोजनचे केंद्र हलके म्हणून जास्त हलते, हेलियमचे चौपट जड म्हणून कमी हलते. हा हिशेब धरला की गुणोत्तर येते ४.००१६३. फाउलरची शंका फिटली. त्या रेषा हेलियमच्या ठरल्याची बातमी हेवेशीने आइन्स्टाइनला सांगितली, तेव्हा आइन्स्टाइनला या सिद्धांताचे मोल पटले, असे हेवेशीनेच लिहून ठेवले आहे.

आता हा प्रसंग पाठ्यपुस्तकात कुठे आहे? ‘अणुकेंद्राच्या मर्यादित वस्तुमानासाठी दुरुस्ती’ या मथळ्याखाली, अर्ध्या पानात. त्यात सूत्राची सिद्धता असते, फाउलर नसतो, त्याचा आकडाही नसतो. परीक्षेला तो भाग ‘थोडक्यात टीप’ म्हणून येतो. विद्यार्थी त्याला बारीकसारीक दुरुस्ती समजतो. बोरच्या चित्राला लोक गंभीरपणे घेऊ लागले ते ज्या जागी, ती जागा आपण तळटीप करून टाकली आहे.

फ्रँक आणि हर्ट्झच्या प्रयोगाचेही असेच झाले आहे. पाऱ्याच्या वाफेत ४.९ व्होल्टला प्रवाह घसरतो, हा आलेख प्रत्येक जर्नलमध्ये असतो आणि खाली निष्कर्ष असतो : बोरच्या सिद्धांताची पडताळणी झाली. १९१४ मध्ये त्या दोघांना वाटले होते, की पाऱ्याचा अणू फोडायला लागणारी ऊर्जा आपण मोजली. ते बोरची पडताळणी करायला बसलेच नव्हते. स्टर्न आणि गेरलाखने १९२२ मध्ये चांदीच्या अणूंचा झोत दोन भागांत विभागला तेव्हाही स्पिनचा कोणी विचार केला नव्हता. ती कल्पना १९२५ ची. चांगले प्रयोग ज्या प्रश्नासाठी केले जातात त्याहून वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देऊन जातात, हे एकवीस वर्षांच्या मुलाला कळले तर त्याचे नुकसान होणार नाही.

हेलियमकडे परत येतो, कारण त्याची एक गोष्ट आपल्या किनाऱ्यावर सांगितली जाते. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियरने याच कट्ट्यांवरून दुर्बीण लावून हेलियम शोधला, असे वर्तमानपत्रांतून दरवर्षी छापून येते, आणि त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. लॉकियर त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हता. ग्रहण पाहायला आला होता फ्रान्सचा यान्सेन, आणि तो गुंटूरला होता. सौरज्वालांच्या प्रकाशात त्या दिवशी दक्षिण हिंदुस्थानात वेगवेगळ्या ठिकाणी थांबलेल्या अनेकांना पिवळी रेषा दिसली. बहुतेकांनी ती सोडियमचीच धरली. लॉकियरने त्या वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, ज्वालांचा वर्णपट पाहिला. ही पिवळी रेषा सोडियमच्या डी-१ आणि डी-२ या दोन्हींशी जुळत नाही, ५८७६ च्या आसपास वेगळी पडते, हे पक्के झाले आणि तिला डी-३ हे नाव मिळाले. सोडियमच्या जवळच्या रेषेपासून ती जेमतेम चौदा आंगस्ट्रॉम दूर आहे. पिवळ्या रेषांची सरासरी काढणाऱ्याला हेलियम सापडला नसता.

पृथ्वीवर तो सापडला १८९५ मध्ये, रॅमसेला, एका युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत. लॉकियर विजयदुर्गला आला हे खरे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. मेल्पोमीनी या युद्धनौकेवरचे खलाशी त्याच्या मदतीला होते, आणि हेलियम हाती लागून तोवर तीन वर्षे होत आली होती. किल्ल्यावरच्या कट्ट्यांचा संबंध लावायचाच तर या मोहिमेशी लावावा. याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला आपली तुकडी घेऊन गेले होते. पुण्यात तेव्हा महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा होती. तिथली वीस इंची परावर्तक दुर्बीण देशातली त्या काळातली सर्वांत मोठी. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. लॉकियरच्या कट्ट्यांबद्दल छापून येते. वर्णपटाचा अभ्यास शिकवणाऱ्या आपल्याच प्राध्यापकाबद्दल क्वचित.

किल्ल्यावरची गोष्ट आणि पाठ्यपुस्तकातली गोष्ट यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. एक तारीख, एक साहेब, एक शोध. सत्तावीस वर्षांची शंका, चुकीची ओळख, कोणी मानायला तयार नसलेले मूलद्रव्य, हे सगळे दोन्हीकडे गळते. आणि फाउलर हा लॉकियरच्याच हाताखाली तयार झालेला माणूस होता, ‘नेचर’ हे नियतकालिक लॉकियरनेच १८६९ मध्ये सुरू केलेले होते, हे माहीत असेल तर कट्ट्यापासून बोरपर्यंतचा रस्ता विद्यार्थ्याला चालत जाता येतो. अभिमानासाठी खोटे बोलण्याची गरज पडत नाही.

बोरचा सिद्धांत हेलियमवर तरला आणि हेलियमवरच बुडाला. एक इलेक्ट्रॉन उरलेला हेलियम त्याला सोडवता आला. दोन्ही इलेक्ट्रॉन असलेला साधा हेलियम नाही. दहा वर्षे युरोपातल्या उत्तमोत्तम गणितज्ञांनी कक्षा वाकवून पाहिल्या, क्रामर्सने पाहिल्या, बॉर्न आणि हायझेनबर्गने पाहिल्या. आकडा जुळला नाही. शिवाय एक जुने कोडे होते. हेलियमच्या रेषांची दोन घराणी आहेत आणि त्यांच्यात जवळजवळ सोयरीक होत नाही. १८९५ मध्ये रुंगे आणि पाशेन यांना तर हे दोन वेगळे वायू असावेत असेच वाटले होते. पुढे कळले, की अणू एकच. एका घराण्यात दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन विरुद्ध, दुसऱ्यात समांतर. पण स्पिनमुळे येणारे चुंबकीय बल अगदी किरकोळ असते, आणि घराण्यांमधला ऊर्जेचा फरक त्याच्या हजारो पट होता. १९२६ मध्ये हायझेनबर्गने उत्तर दिले : दोन इलेक्ट्रॉन एकमेकांपासून ओळखू येत नाहीत, आणि या ओळखू न येण्यामुळेच, स्पिन कसे आहेत त्यानुसार, ते परस्परांपासून कमी-जास्त दूर राहतात. फरक विजेच्या प्रतिसारणाचा आहे, चुंबकत्वाचा नाही. पुढच्याच वर्षी हाइटलर आणि लंडन यांनी हाच विचार हायड्रोजनच्या दोन अणूंना लावला आणि रेणू का बनतो याचे पहिले खरे उत्तर मिळाले.

आपल्या पेपरचे नाव अणू आणि रेणूंचे पदार्थविज्ञान. (मराठी मुलाला इथे आणखी एक खड्डा आहे : आपला अणू तो हिंदीत परमाणू आणि हिंदीतला अणू तो आपला रेणू. परीक्षेच्या आदल्या रात्री हिंदी व्हिडिओ बघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.) या नावातल्या दोन शब्दांना जोडणारा पूल म्हणजे हेलियम. नेहमीच्या मांडणीत मात्र हायड्रोजन संपला की गाडी एकदम सोडियमवर जाते, मग दोन बाह्य इलेक्ट्रॉनांच्या जोडणीचे नियम येतात, झीमन परिणाम येतो, क्ष-किरण येतात, आणि सहाव्या-सातव्या प्रकरणात अचानक स्प्रिंगने जोडलेले दोन गोळे फिरू लागतात. हा रेणू. ती स्प्रिंग कुठून आली, दोन अणू एकमेकांना का धरून राहिले, हे विचारायची सोय नाही. रामनच्या १९२८ च्या शोधावर नंतर पाने आहेत, अभिमान आहे. पण रामन परिणामात ज्या कंपनांचा ठसा उमटतो ती कंपने कशाच्या बळावर होतात, हा प्रश्न तसाच राहतो.

याचा अर्थ चांगली पुस्तके नाहीत असा नाही. गेरहार्ट हर्झबर्गचे अणुवर्णपटावरचे छोटे पुस्तक १९३७ पासून इंग्रजीत आहे, पुढे स्वस्त आवृत्तीतही आले. ते सुरू होते हायड्रोजनच्या रेषांच्या छायाचित्राने, आणि त्यात हेलियमच्या दोन्ही घराण्यांची ऊर्जापातळ्यांची आकृती आहे. व्हाइटचे १९३४ चे पुस्तकही वर्णपटांच्या छायाचित्रांनी भरलेले आहे. जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ही पुस्तके असतात. मी पाहिलेल्या प्रतींच्या तारखांच्या चिठ्ठ्यांवर कित्येक वर्षांत शिक्का पडलेला नव्हता. आजच्या आपल्या पुस्तकांत रेषांच्या छायाचित्रांची जागा सरळ काळ्या रेघांनी घेतली आहे. रेघेला रंग नाही, जाडी नाही, शेजारी दुसरी रेघ असण्याची शक्यता नाही.

शिकवणाऱ्यांची बाजूही मांडली पाहिजे. तासिका तत्त्वावर नेमलेला प्राध्यापक तीन ठिकाणी धावतो, सत्र पाहता पाहता संपते आणि पेपरात सिद्धताच येतात. इतिहासाला वेळ कुठे, हे त्याचे म्हणणे मला पटते. पण मी इतिहास मागत नाही, पुरावा मागतो आहे. अणूत ऊर्जापातळ्या असतात हे आपल्याला कशावरून ठाऊक, या प्रश्नाला पदवीधराने ‘बोरने गृहीत धरले म्हणून’ असे उत्तर देणे (आणि हे उत्तर मी एकापेक्षा अधिक पदवीधरांच्या तोंडून ऐकले आहे) मला धोक्याचे वाटते. कारण मग विज्ञान आणि आप्तवाक्य यांत फरक उरत नाही, आणि असा पदवीधर उद्या कोणाचेही गृहीतक तितक्याच सहजपणे मान्य करील.

दुसरा आक्षेप असा, की हेलियमचे गणित अवघड आहे. पूर्ण सोडवायचे तर आहेच. पण त्याचा पुरावा पाहायला गणित लागत नाही. हेलियमची डिस्चार्ज ट्यूब, सोडियमच्या दिव्यासाठी वापरतात तोच स्पेक्ट्रोमीटर आणि तेच ग्रेटिंग. ट्यूबला उच्च दाबाचा वीजपुरवठा मात्र निराळा लागतो. त्यात पिवळी ५८७६ आणि तांबडी ६६७८ अशा दोन ठळक रेषा दिसतात. दोन्ही रेषांत इलेक्ट्रॉन तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर येतो, त्याच प्रकारच्या एका अवस्थेतून त्याच प्रकारच्या दुसऱ्या अवस्थेत. फरक एवढाच, की पिवळ्या रेषेच्या वेळी दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन समांतर असतात, तांबड्याच्या वेळी विरुद्ध. पिवळी म्हणजे लॉकियरची डी-३. जर्नलमध्ये दोन कोन लिहायचे, त्यांवरून दोन तरंगलांब्या, आणि १२३९८ ला प्रत्येकीने भागून इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये ऊर्जा काढायची : २.११ आणि १.८६. वजाबाकी येते पाव इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हा पाव कुठून आला, हा प्रश्न व्हायव्हाला विचारता येईल.